उपास, उपासमार आणि आजार : स्त्रियांमधील आहारविकार, व्यायाम व देहप्रतिमा

कृश देहामागे अन्नाचा अभाव असू शकतो, स्वेच्छेने केलेले व्रत असू शकते आणि आजारही असू शकतो. वजनकाटा मात्र तिन्ही ठिकाणी एकच आकडा दाखवितो. आहारविकार, त्यांच्याशी निगडित असलेली व्यायामाची अनिवार ओढ आणि स्वतःच्या देहाविषयीची प्रतिमा यांचा भारतीय, विशेषतः बंगळुरूच्या अनुभवाच्या आधारे प्रस्तुत लेखात विचार केला आहे. सार्वजनिक आरोग्य, स्त्री-पुरुष विषमता आणि मानव विकास या तिन्ही अभ्यासघटकांशी हा विषय संबंधित आहे.

प्रास्ताविक

समजा, बंगळुरूच्या कब्बन पार्कमध्ये दोन तरुणी रोज पहाटे धावावयास येतात. दोघीही नोकरी करणाऱ्या, साधारण एकाच वयाच्या. अंतर तेच, वेळही तीच. एके दिवशी पहाटे मुसळधार पाऊस सुरू होतो. पहिली तरुणी घरीच थांबते, चहा घेते, वर्तमानपत्र चाळते आणि वेळेवर कार्यालयात जाते. दुसरीला मात्र चैन पडत नाही. ती वसतिगृहाच्या जिन्यावर तासभर चढउतार करते. तरीही मनासारखे झाले नाही म्हणून दुपारचे जेवण टाळते, आणि रात्री आरशासमोर उभी राहून स्वतःला दोष देते.

पावसाच्या आदल्या दिवसापर्यंत बाहेरून पाहणाऱ्यास या दोघींत कोणताही फरक दिसला नसता. किंबहुना दुसरीच्या शिस्तीचे अधिक कौतुक झाले असते. येथेच या विषयाची खरी अडचण आहे. ज्या सवयीचा समाज आणि शासन दोघेही पुरस्कार करतात, त्याच सवयीच्या आड एक गंभीर आजार लपू शकतो. अशा आजाराची दखल कशी घ्यावी, हा जितका वैद्यकशास्त्राचा तितकाच विकासाच्या अर्थशास्त्राचा प्रश्न आहे.

आहारविकार म्हणजे काय?

खाणे, वजन आणि शरीराचा आकार यांविषयीच्या विचारांनी व्यक्तीचे जीवन व्यापून जाते आणि त्यामुळे तिच्या आरोग्याची हानी होते, तेव्हा त्या अवस्थेस आहारविकार म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली. तिच्यात या गटातील तीन विकार ठळकपणे येतात. ‘अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा’मध्ये रुग्ण आहार अतिशय घटविते आणि वजन धोकादायक पातळीपर्यंत उतरते. ‘बुलिमिया नर्व्होसा’मध्ये अनावर खाण्याचे झटके येतात आणि त्यानंतर ओकारी काढणे, रेचके घेणे, उपाशी राहणे किंवा अतिव्यायाम करणे अशा मार्गांनी ‘भरपाई’ केली जाते. तिसऱ्या प्रकारात अनावर खाण्याचे झटके येतात, परंतु अशी भरपाई नियमितपणे होत नाही.

पहिल्या विकारास आजचे नाव इंग्लंडमधील वैद्य विल्यम गल यांनी १८७० च्या दशकात दिले. ‘बुलिमिया नर्व्होसा’चे पहिले पद्धतशीर वर्णन जेराल्ड रसेल यांनी १९७९ मध्ये केले. हे विकार पुरुषांनाही होतात. तथापि रुग्णांत किशोरवयीन मुली आणि तरुण स्त्रिया यांचे प्रमाण मोठे आहे.

या विकारांचे शारीरिक परिणाम गंभीर असतात. नाडी मंदावते, रक्तदाब उतरतो, सतत थंडी वाजते, मासिक पाळी थांबते आणि हाडांची घनता कमी होते. वारंवार ओकारी काढल्याने रक्तातील पोटॅशियम घटून हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात. सर्वाधिक मृत्युदर असलेल्या मानसिक आजारांत ‘अ‍ॅनोरेक्सिया’ची गणना होते. मृत्यूंची कारणे कुपोषणाची गुंतागुंत आणि आत्महत्या अशी दुहेरी आहेत. ‘मुलींचे नखरे’ म्हणून या विषयाकडे दुर्लक्ष करणे म्हणूनच परवडणारे नाही.

देहप्रतिमा : आरसा आणि बाजारपेठ

देहप्रतिमा म्हणजे आपल्या शरीराविषयी आपल्या मनात असलेले चित्र आणि त्या चित्राविषयीच्या आपल्या भावना. हे चित्र प्रत्यक्ष देहाशी जुळेलच असे नाही. आहारविकाराच्या अनेक रुग्णांना अत्यंत कृश झाल्यावरही आपण स्थूल आहोत असे वाटते. त्याहून महत्त्वाची बाब अशी की, त्यांच्या दृष्टीने माणूस म्हणून असलेली आपली सारी किंमत वजन आणि आकार यांवरच ठरते. शिक्षण, नोकरी, मैत्री, कला या सर्वांचे मोल त्या एका आकड्यापुढे शून्य होते.

देहप्रतिमा घरात घडते, शाळेत घडते आणि बाजारातही घडते. ‘जाडी’ किंवा ‘काडी’ म्हणून मारलेल्या हाका, विवाहाच्या बाजारातील अपेक्षा आणि चित्रपटांतील नायिकांचे बांधे या सर्वांचा तिच्यावर परिणाम होतो. १९९१ च्या आर्थिक उदारीकरणानंतर सौंदर्यप्रसाधने, वस्त्रप्रावरणे आणि दूरचित्रवाणी यांची बाजारपेठ वेगाने विस्तारली. १९९४ मध्ये दोन भारतीय तरुणींना विश्वसुंदरी आणि जगत्सुंदरी हे किताब मिळाले. त्यानंतर नोव्हेंबर १९९६ मध्ये जगत्सुंदरी स्पर्धा बंगळुरूमध्येच भरली. स्त्रीसंघटनांसह अनेक गटांनी तिला तीव्र विरोध केला आणि स्पर्धेची पोहण्याच्या पोशाखातील फेरी सेशेल्स बेटांवर घ्यावी लागली. स्त्रीदेहाच्या प्रदर्शनाविषयीचा तो वाद आजही अभ्यासण्यासारखा आहे.

प्रसारमाध्यमांचा परिणाम किती होतो, याचे बहुचर्चित उदाहरण फिजीचे आहे. त्या देशातील एका प्रांतात १९९५ मध्ये दूरचित्रवाणी पोहोचली. मानववंशशास्त्रज्ञ व मानसोपचारतज्ज्ञ अ‍ॅन बेकर यांनी तेथील शाळकरी मुलींची १९९५ आणि १९९८ मध्ये पाहणी केली. आहारविषयक चाचणीत चिंताजनक गुण मिळविणाऱ्या मुलींचे प्रमाण या काळात १२.७ टक्क्यांवरून २९.२ टक्क्यांवर गेले. वजन आटोक्यात ठेवण्यासाठी ओकारी काढणाऱ्या मुली पहिल्या पाहणीत एकही नव्हत्या. दुसऱ्या पाहणीत त्यांचे प्रमाण ११.३ टक्के होते. भरल्या अंगाला मान देणाऱ्या समाजात हे घडले, हे विशेष. परंतु बाजार आणि माध्यमे हे एक कारण झाले. अनुवंशिकता, स्वभावातील अतिकाटेकोरपणा, कौटुंबिक ताण आणि लैंगिक छळाचे अनुभव हे घटकही तितकेच विचारात घ्यावे लागतात.

व्यायाम : सवय आणि सक्ती

आहारविकार आणि अतिहालचाल यांचा संबंध जुना आहे. अन्नावाचून खंगलेली रुग्ण अस्वस्थपणे सतत वावरत असते, ही विसंगती गल यांच्याही नजरेस आली होती. पुढे १९६७ मध्ये प्रयोगशाळेतील उंदरांवर एक महत्त्वाचा प्रयोग झाला. उंदरांना दिवसातून ठरावीक अल्पवेळच अन्न दिले आणि पिंजऱ्यात फिरते चाक ठेवले, तेव्हा ते कमी खाऊ लागले आणि अधिकाधिक धावू लागले. काही तर धावून धावून मेले. चाक नसलेल्या उंदरांनी मात्र तेवढ्याच वेळात पुरेसे खाण्याची सवय लावून घेतली. उंदरांना देहप्रतिमा नसते. उपासमार आणि अतिहालचाल एकत्र आल्यास त्या परस्परांना खतपाणी घालतात, आणि या दुष्टचक्राची एक बाजू निखळ जैविक आहे, असा याचा अर्थ होतो.

उपासमारीचा मनावरील परिणाम अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी १९४४-४५ मध्ये अभ्यासला. ३६ निरोगी तरुण पुरुषांना सुमारे सहा महिने अपुऱ्या आहारावर ठेवण्यात आले. ते खिन्न आणि चिडचिडे झाले, समाजापासून तुटले आणि दिवसरात्र अन्नाचाच विचार करू लागले. काहींनी पाककृती जमविण्याचा छंद धरला. घरातील माणसे ज्यास मुलीचा हट्ट समजतात, त्यातील बराच भाग प्रत्यक्षात उपासमारीचीच लक्षणे असतो, हे या प्रयोगावरून ध्यानात येते.

निरोगी व्यायाम आणि अनिवार व्यायाम यांतील फरक किलोमीटरमध्ये किंवा मिनिटांत मोजता येत नाही. धावपटू दिवसाला कितीतरी अधिक श्रम करते आणि तरीही निरोगी असते. फरक ओळखण्याच्या खुणा वेगळ्या आहेत. ताप असताना, पाय मुरगळलेला असताना किंवा वैद्यांनी मनाई केलेली असतानाही व्यायाम सुरूच राहतो. एक दिवस चुकला तर अपराधीपणा आणि तीव्र बेचैनी येते. जेवण हे व्यायामाने ‘कमवावे’ लागते, किंवा जेवणाची ‘शिक्षा’ म्हणून व्यायाम केला जातो. मैत्रिणी, सण-समारंभ आणि काम यांपेक्षा त्यास अग्रक्रम मिळतो. अखेरीस तो लपूनछपून, बंद खोलीत, रात्री-अपरात्री होऊ लागतो. व्यायामाचा आनंद या टप्प्यापर्यंत केव्हाच संपलेला असतो.

या व्यायामाचा देहप्रतिमेशी थेट संबंध आहे. आरशातील चित्र असह्य झाले की व्यायाम केला जातो. क्षणभर दिलासा मिळतो. परंतु त्यामुळे ‘व्यायाम केला म्हणूनच मी सुसह्य आहे’ ही समजूत पक्की होते आणि पुढच्या वेळी अधिक व्यायाम लागतो. भूक, आरसा आणि श्रम यांचे हे चक्र कुटुंबीयांच्या नुसत्या उपदेशाने तुटत नाही.

भारतीय अनुभव आणि बंगळुरूची नोंद

आहारविकार हे सधन पाश्चात्त्य देशांचेच दुखणे आहे, असा समज आपल्याकडे दीर्घकाळ होता. १९९५ मध्ये खंडेलवाल, शरण आणि सक्सेना या भारतीय मानसोपचारतज्ज्ञांनी पाच तरुणींची प्रकरणे प्रसिद्ध केली. अन्न नाकारणे, सततची ओकारी, वजनातील मोठी घट आणि पाळी थांबणे ही लक्षणे त्यांच्यात होती. परंतु पाश्चात्त्य रुग्णांत आढळणारी अतिहालचाल आणि देहप्रतिमेतील बिघाड मात्र नव्हता. निदान होण्यापूर्वी त्यांच्यावर अन्य आजारांचे उपचार झाले होते. हाँगकाँगमध्ये १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातही निम्म्याहून अधिक रुग्णांना स्थूलपणाची भीती नसल्याचे दिसले होते. त्या ‘पोट फुगते’, ‘भूकच लागत नाही’ असे सांगत. २००७ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधील तज्ज्ञांनी तेथे आलेल्या मुलामुलींच्या नोंदी तपासल्या. आहारविकार असलेल्या ४१ जणांपैकी ३५ जणांस मानसिक कारणांनी होणारी ओकारी होती आणि केवळ ६ जणांस ‘अ‍ॅनोरेक्सिया’ होता.

या पार्श्वभूमीवर बंगळुरूतील पाहणी महत्त्वाची ठरते. राष्ट्रीय मानसिक आरोग्य व चेताविज्ञान संस्था, अर्थात ‘निम्हान्स’, २७ डिसेंबर १९७४ रोजी स्थापन झाली आणि २०१२ च्या कायद्याने तिला राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा मिळाला. तेथील मानसोपचारतज्ज्ञ डॉ. प्रभा चंद्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शहरातील ६६ मानसोपचारतज्ज्ञांची पाहणी केली. ती २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. सुमारे दोन-तृतीयांश तज्ज्ञांनी आपण आहारविकाराचा किमान एक रुग्ण पाहिल्याचे सांगितले. ही संख्या साथीच्या रोगाची नाही, परंतु ‘आपल्याकडे असे काही नसते’ हा समज खोडून काढण्यास ती पुरेशी आहे.

बंगळुरूसारख्या शहरात या विकारास पोषक अशा अनेक परिस्थिती एकत्र आल्या आहेत. घरापासून दूर वसतिगृहांत राहणाऱ्या विद्यार्थिनी आणि नोकरदार तरुणी, पाळ्यांमधील काम, अनियमित जेवण, व्यायामशाळांच्या जाहिराती आणि हातातील भ्रमणध्वनीवर सतत दिसणारे सुबक देह ही त्यांची ठळक उदाहरणे होत. घरी आई ताटाकडे पाहते. वसतिगृहात मुलगी जेवली किंवा नाही हे विचारणारे कोणी नसते. दुसरीकडे, देशातील सर्वांत नामांकित मानसोपचार संस्थाही याच शहरात आहे. बेळगाव किंवा बिदरमधील एखाद्या मुलीला मात्र तेथवर पोहोचण्यापूर्वी पोटविकार, थायरॉइड आणि स्त्रीरोग अशी तपासण्यांची मोठी मालिका पार करावी लागू शकते.

मोजमापाचा प्रश्न

ज्याची मोजदाद होत नाही, त्यास अर्थसंकल्पात स्थान मिळणे कठीण असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत (२०१५-१६) १५ ते ४९ वयोगटातील २२.९ टक्के स्त्रियांचा शरीर वस्तुमान निर्देशांक १८.५ पेक्षा कमी होता. पाचव्या फेरीत (२०१९-२१) हे प्रमाण १८.७ टक्के झाले. याच काळात अतिवजन किंवा स्थूल स्त्रियांचे प्रमाण २०.६ वरून २४ टक्क्यांवर गेले. कुपोषणाच्या या दुहेरी ओझ्याची चर्चा बरीच होते. तथापि १८.७ टक्क्यांच्या आकड्यात शेतमजूर स्त्री आणि आहारविकाराने ग्रासलेली विद्यार्थिनी एकाच रकान्यात जमा होतात. निर्देशांक किलो मोजतो; कारण मोजत नाही. शिवाय ‘बुलिमिया’च्या रुग्णांचे वजन बहुधा सर्वसाधारण असल्याने त्या कोणत्याच रकान्यात सापडत नाहीत.

निम्हान्सने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार प्रौढांपैकी १०.६ टक्के व्यक्तींना त्या वेळी मानसिक विकार होता आणि विविध विकारांत ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांपासून वंचित होते. मात्र या सर्वेक्षणाच्या प्रमुख निष्कर्षांचा भर नैराश्य, चिंताविकार, व्यसने आणि तीव्र मनोविकार यांवर होता. आजारांच्या जागतिक भाराच्या अभ्यासानुसार २०१७ मध्ये भारतातील १९.७३ कोटी लोकांना मानसिक विकार होते. त्या गणनेत आहारविकारांचा स्वतंत्र गट होता.

परदेशी प्रश्नावल्या जशाच्या तशा वापरण्यातही धोका आहे. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उत्तर भारतातील ५८० शाळकरी मुलींना अशी प्रश्नावली दिली असता चौथाईहून अधिक मुली ‘धोक्याच्या’ गटात गेल्या. तपासाअंती लक्षात आले की, धार्मिक उपवासामुळे काही प्रश्नांचा अर्थच बदलला होता. एकादशी, संकष्टी, हरितालिका आणि सोळा सोमवार पाळणाऱ्या समाजात ‘तुम्ही जेवण टाळता काय?’ या प्रश्नाचे ‘होय’ हे उत्तर आजाराचे लक्षण नव्हे. उलटपक्षी, त्याच उपवासांच्या आड खरा आजार वर्षानुवर्षे लपूही शकतो. आठवड्यातून एक उपास तीन उपासांवर गेला, तर घरात कौतुकच होते.

सेन यांचा दृष्टिकोन : थांबण्याचे स्वातंत्र्य

अमर्त्य सेन यांनी सक्षमता दृष्टिकोन मांडताना उपास करणारी व्यक्ती आणि उपासमार होणारी व्यक्ती यांतील भेद दाखविला आहे. दोघांच्याही पोटात अन्न नाही. परंतु पहिलीस खाण्याचा पर्याय उपलब्ध आहे, दुसरीस नाही. केवळ परिणाम पाहिल्यास दोघे सारखेच दिसतात. उपलब्ध पर्याय पाहिल्यावर फरक कळतो. विकास म्हणजे अशा वास्तविक पर्यायांचा विस्तार होय.

आहारविकाराची रुग्ण या दोन्ही चौकटींत बसत नाही. तिच्यासमोर भरलेले ताट आहे, म्हणून तिला उपासमार झालेली म्हणता येत नाही. उपास सोडण्याचे सामर्थ्य तिच्यात उरलेले नाही, म्हणून तिने उपास निवडला आहे असेही म्हणता येत नाही. पर्याय घरात आहे, पण तिच्या हाती नाही. उत्पन्न, अन्नधान्य आणि शिक्षण असूनही सक्षमता हिरावली जाऊ शकते, याचे याहून स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडेल.

व्यायामासही हेच लागू पडते. प्रारंभी उल्लेखिलेल्या दोघींपैकी पहिली धावते आणि थांबू शकते. दुसरी धावते, कारण ती थांबू शकत नाही. व्यायाम किती केला यापेक्षा तो थांबविता येतो काय, हा प्रश्न अधिक माहिती देतो. पालक, शिक्षक, प्रशिक्षक आणि आरोग्यसेविका यांपैकी कोणालाही तो विनाखर्च विचारता येईल.

एक संदेश, दोन श्रोते

येथे धोरणकर्त्यापुढे एक पेच उभा राहतो. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासानुसार २०२२ मध्ये भारतातील सुमारे निम्मे प्रौढ पुरेशी शारीरिक हालचाल करीत नव्हते. स्त्रियांमध्ये हे प्रमाण सुमारे ५७ टक्के होते. यामागे वेळेच्या वाटपातील विषमता आहे. २०१९ च्या वेळवापर सर्वेक्षणानुसार बिनमोल घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे खर्च करीत, तर असे काम करणारे पुरुष ९७ मिनिटे. २९ ऑगस्ट २०१९ रोजी सुरू झालेली ‘फिट इंडिया’ चळवळ म्हणूनच स्वागतार्ह आहे. बहुसंख्य स्त्रियांना व्यायामासाठी अधिक वेळ, मोकळी मैदाने आणि सुरक्षित रस्ते हवे आहेत.

परंतु ‘अधिक चाला, कमी खा, वजन घटवा’ हा संदेश आहारविकाराच्या उंबरठ्यावर असलेल्या मुलीच्याही कानी पडतो आणि तिच्या आजारास जणू मान्यता देतो. बहुसंख्यांसाठी योग्य असलेले धोरण अल्पसंख्यांवर असा खर्च लादू शकते. त्यावर उपाय म्हणून मूळ धोरण सोडण्याची गरज नाही. संदेशाची भाषा बदलणे पुरेसे आहे. वजन आणि आकार यांऐवजी ताकद, झोप, आनंद आणि खेळ यांवर भर दिल्यास दोन्ही श्रोत्यांचे हित साधते.

धोरणात्मक दिशा

आवश्यक असलेल्या संस्था आणि कायदे यांची चौकट आपल्याकडे बऱ्याच अंशी तयार आहे. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ मध्ये सुरू झाला. निम्हान्सने १९८० च्या दशकात बळ्ळारी जिल्ह्यात राबविलेल्या प्रयोगाच्या धर्तीवर १९९६ मध्ये जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आला. ७ जानेवारी २०१४ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमाच्या सहा विषयांत पोषण आणि मानसिक आरोग्य या दोहोंचा समावेश आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम १८ ने उपचारांचा हक्क दिला. कलम २१ ने विमा कंपन्यांना मानसिक आजारासाठी शारीरिक आजाराप्रमाणेच विमासंरक्षण देणे बंधनकारक केले. १० ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर सुरू आहे. तिच्या समन्वयात निम्हान्सची मध्यवर्ती भूमिका आहे. २०१९ मधील एका अंदाजानुसार दर एक लाख लोकसंख्येमागे केवळ ०.७५ मानसोपचारतज्ज्ञ असलेल्या देशात या सेवेचे मोल विशेष आहे.

या चौकटीत चार गोष्टींची भर घालता येईल. पहिली, किशोरवयीन मुलींच्या आरोग्य तपासणीत वजनासोबत पाळीची नियमितता, जेवणानंतरची ओकारी आणि व्यायाम थांबविण्याची क्षमता यांविषयी साधे प्रश्न असावेत. ‘तुला आपण जाड आहोत असे वाटते काय?’ एवढाच प्रश्न विचारल्यास भारतीय रुग्णांपैकी अनेक जणी निसटतील, हे १९९५ च्या अभ्यासाने दाखविले आहे. दुसरी, शाळेत वर्गासमोर वजन जाहीर करण्याची प्रथा बंद व्हावी. तिसरी, क्रीडा प्रशिक्षक आणि व्यायामशाळांतील मार्गदर्शक यांना प्रशिक्षण मिळावे. श्रमांच्या मानाने अपुरा आहार घेणाऱ्या खेळाडूंच्या पाळीवर, हाडांवर आणि कामगिरीवर होणाऱ्या परिणामांची दखल आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये एका स्वतंत्र संज्ञेखाली घेतली आहे. भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे केंद्र बंगळुरूमध्ये असल्याने या प्रशिक्षणाचा आरंभ तेथून होऊ शकतो. चौथी, पोटविकारतज्ज्ञ, स्त्रीरोगतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ यांच्यात रुग्ण पाठविण्याची निश्चित साखळी असावी.

उपचारांत आहार हळूहळू आणि वैद्यकीय देखरेखीखाली वाढवावा लागतो, कारण दीर्घ उपासमारीनंतर एकदम भरपूर खाणेही घातक ठरू शकते. विचार आणि वर्तन यांवर काम करणारी मानसोपचार पद्धती, तसेच किशोरवयीन रुग्णांसाठी कुटुंबाला सहभागी करून घेणारी पद्धती उपयुक्त ठरली आहे. प्रकृती स्थिरावल्यावर व्यायामाची आजन्म बंदी न करता देखरेखीखाली, आनंदासाठी आणि सोबतीने हालचाल करण्यास पुन्हा शिकविले जाते. कुटुंब रुग्णासोबत राहण्याची आपली रीत येथे मोठे भांडवल आहे. मात्र त्या कुटुंबाची बुडणारी मजुरी हाही उपचारांचा खर्चच असतो, हे नियोजनात विसरता कामा नये.

समारोप

अन्नसुरक्षेचे यश आपण धान्याच्या कोठारांवरून, रेशनकार्डांवरून आणि वजनाच्या आकड्यांवरून मोजत आलो आहोत. हे मोजमाप आवश्यक आहे. परंतु अन्न घरी पोहोचल्यावरही ते घासाघासाने तोंडात जाण्यासाठी मनाचे स्वास्थ्य लागते. आहारविकारांच्या रुग्णांची संख्या अन्य आजारांच्या तुलनेत लहान असेल. परंतु त्या बहुधा ऐन शिक्षणाच्या आणि उमेदीच्या वयात असतात, आणि वेळेवर उपचार मिळाल्यास त्यांतील अनेक जणी बऱ्या होतात.

स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे अनेक वाचक स्वतःही वसतिगृहांत आणि अभ्यासिकांत राहतात. उद्या प्रशासनात गेल्यावर कुपोषणाचा तक्ता समोर येईल, तेव्हा त्यातील आकड्यामागे अन्नाचा अभाव आहे, व्रत आहे की आजार, हा प्रश्न त्यांनी अवश्य विचारावा. आणि आज शेजारच्या खोलीतील मैत्रीण जेवणाच्या वेळी रोज काहीतरी निमित्त सांगून बाहेर पडत असेल, पावसातही धावण्यास जात असेल, तर तिच्या शिस्तीचे कौतुक करण्यापूर्वी एकदा तिच्याजवळ बसावे, तिची विचारपूस करावी आणि गरज वाटल्यास तिला वैद्यकीय मदतीपर्यंत सोबत करावी.